एकच बारोलो, वेगवेगळ्या वयात

ही 2010च्या बारोलो या इटालियन रेड वाइनची एक पेटी आहे. एकाच उत्पादकाची, एकाच मळ्यातली, एकाच वेळी घेतलेली. घेतानाच ठरवलं होतं की सगळ्या बाटल्या एका मोसमात संपवायच्या नाहीत. मधे वर्षं जाऊ द्यायची, एकेक उघडायची, आणि काय लागलं ते लिहून ठेवायचं. जुनी रेड वाइन मी त्याआधीही प्यायले होते, पण ती अशीच कधीतरी, कुणाकडे तरी, एखादा ग्लास. ती छान लागायची, पण तिच्यातलं वयाचं किती आणि मुळातलं किती, हे कळायला काही मार्ग नसायचा. तरुणपणी ती कशी होती हे ठाऊकच नसे.

बारोलो निवडली कारण ती लवकर हाती लागत नाही. इटलीच्या वायव्येला पीडमाँट प्रांतात, आल्बा शहराच्या नैर्ऋत्येला लांगेच्या टेकड्या आहेत. तिथे फक्त नेबिओलो या एकाच द्राक्षापासून ती करतात. कायद्यानेच ती किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यातले 18 महिने लाकडात. 'रिझर्व्हा' लिहायचं असेल तर 62 महिने. म्हणजे 2010ची साधी बारोलो 2014 उजाडेपर्यंत विकताच येत नव्हती. इतकं थांबूनही ती बाजारात येते तेव्हा कच्चीच असते. माझी पेटी सेरालुंगा दाल्बा या गावातली. बारोलोच्या पूर्वेकडच्या या कुशीत जमीन जुनी, चुनखडीची आणि काटक. तिथल्या वाइन पश्चिमेकडच्या ला मोर्रासारख्या गावांपेक्षा कडक आणि उशिरा खुलणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. त्यात 2010चं वर्ष: उन्हाळा फारसा तापला नाही, द्राक्षं सावकाश पिकली, तोडणी ऑक्टोबरात गेली. आम्लता भरपूर, टॅनिनही, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारं तुरट द्रव्यही भरपूर. टिकाऊ वाइनला जे जे लागतं ते सगळं त्या वर्षी होतं.

या कडकपणावरून त्या टेकड्यांमध्ये एका पिढीत मोठं भांडण झालेलं आहे. जुन्या रीतीत द्राक्षांच्या साली महिना महिना रसात भिजत ठेवायच्या आणि मग ती वाइन हजारो लिटरच्या जुन्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं पडू द्यायची. 1980च्या दशकात तरुण उत्पादकांनी साली थोडेच दिवस ठेवायला आणि छोटी, नवी फ्रेंच पिंपं वापरायला सुरुवात केली. वाइन लवकर मऊ झाली, रंग गडद झाला, गिऱ्हाईक वाढलं. एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपं करवतीने कापून काढली. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांनी बाटलीच्या लेबलवर छोट्या पिंपांविरुद्ध घोषणाच रंगवली. आज दोन्ही बाजू बऱ्याच निवळल्या आहेत. माझी बाटली जुन्या रीतीची आहे आणि ते मुद्दाम. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास वयाच्या खुणांवर पांघरूण घालतो, आणि मला त्या खुणाच बघायच्या होत्या.

साठवणीबद्दल थोडक्यात: तेरा अंशांच्या आसपास स्थिर तापमान, अंधार, बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं, हवा फार कोरडी नको, हादरे नकोत. यातलं सगळ्यात महत्त्वाचं स्थिर तापमान. उष्णतेत वाइन लवकर म्हातारी होते, आणि लवकर आलेलं म्हातारपण सावकाश आलेल्यासारखं नसतं. त्यात फळ शिजल्यासारखं लागतं.

चाखण्याचा एकच कडक नियम होता. नवीन टिपण लिहून होईपर्यंत जुनं काढायचं नाही. नाहीतर मागच्या वेळी 'गुलाब' लिहिलंय म्हटल्यावर नाक गुलाबच शोधत बसतं. ग्लास तेच, वाइन सतरा अंशांच्या आसपास, आणि जमेल तेव्हा सोबत धाकटा भाऊ. त्याला वाइनबद्दल वाचायला आवडत नाही, प्यायला आवडतं. साक्षीदार म्हणून असा माणूस बरा.

पहिली बाटली वाइन बाजारात आली त्याच वर्षी उघडली. रंग माणकासारखा, पण आरपार दिसणारा. ग्लास पांढऱ्या कागदावर कलता धरला तर कडेला तेव्हाच नारिंगी झाक होती. नेबिओलो न ओळखणाऱ्याला ती वाइन जुनी वाटली असती. तिच्या सालीतली बरीचशी रंगद्रव्यं हवेशी पटकन जुळणाऱ्या जातीची असतात, त्यामुळे तिचा रंग वयाच्या पुढे धावतो. रंगावरून बारोलोचं वय सांगायला जाऊ नये. वास मात्र अगदी तरुण: ताजी चेरी, गुलाब, थोडा पुदिन्यासारखा गारवा, आणि तळाशी डांबर. डांबर आणि गुलाब ही जोडी या वाइनच्या प्रत्येक वर्णनात येते, आणि मला ती जरा घोटून घोटून गुळगुळीत झालेली वाटायची. त्या दिवशी मात्र ग्लासमधून खरंच डांबर आलं. घोट घेतला आणि हिरडा चघळल्यावर जीभ ओढली जाते तशी हिरड्या, गाल, जिभेचा शेंडा, सगळं आवळलं गेलं. भाऊ म्हणाला, "ताई, हे प्यायचं आहे की कातडं कमवायचंय?"

त्याने गंमत केली होती, पण ती शास्त्राला धरून होती. कातडं कमावताना टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, आणि तोंडात लाळेतल्या प्रथिनांना. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ गालावर घासते. तुरट ही खरं तर चव नाहीच, स्पर्श आहे. त्या टिपणाच्या शेवटी मी लिहिलंय: 'फळ भरपूर. पण फळापर्यंत पोचायला भिंत चढावी लागते.' दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली प्यायलो, तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा चांगली होती. तरुण वाइन उघड्यावर दुसऱ्या दिवशी सुधारली तर तिच्यात पुढे जायचं बळ आहे, असा एक जुना ठोकताळा आहे. तो नेहमी खरा ठरत नाही, पण इथे ठरला.

त्यानंतरची काही वर्षं या अनुभवातली सगळ्यात कंटाळवाणी, आणि आता मागे वळून पाहताना सगळ्यात शिकवणारी. वाइन मिटली. गुलाब गेला, चेरी कुठेतरी खोल दबली आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. नाकाला जवळजवळ काहीच लागत नव्हतं, तोंडात आम्ल आणि टॅनिन तेवढे जागे. ती खराब झाली नव्हती. खराब वाइनला स्वतःचे वास असतात. ही नुसती गप्प होती. डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या रुंद काचपात्रात, चार-पाच तास ठेवली, तरी फारसं बोलली नाही. वाइनवाले याला मिटलेला किंवा मुका काळ म्हणतात. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या चांगल्या वाइनही यातून जातात. याचं ठाम रासायनिक उत्तर कुणी दिलेलं नाही. अंदाज असा की तरुणपणीचे फळासारखे वास देणारे एस्टर हळूहळू मोडत असतात, आणि वयाचे वास देणारी संयुगं अजून पुरेशी साचलेली नसतात. मधे दरी पडते. या काळात कुणी पहिल्यांदाच ही वाइन प्यायलं असतं तर 'उगाच नाव मोठं' म्हणून उठलं असतं, आणि ते त्याच्या जागी बरोबरच असतं. माझ्याकडे आधीच्या बाटल्या होत्या म्हणून मी थांबू शकले.

बंद बाटलीत नेमकं काय चाललेलं असतं? पूर्वी सरळ उत्तर असायचं: टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, साखळ्या लांब होतात, जड होऊन गाळात बसतात, आणि म्हणून वाइन मऊ होते. यातलं थोडं खरं आहे. पण वाइनच्या आम्लात साखळ्या तुटतातही, तुटलेले तुकडे पुन्हा वेगळ्या रीतीने जुळतात, आणि काही रंगद्रव्याला चिकटतात. हे रंग-टॅनिनचे जोड टिकाऊ असतात. म्हणूनच वीस वर्षांची रेड वाइनही रंगहीन होत नाही. जांभळी लाली जाते आणि विटकरी रंग उरतो. या सगळ्याला थोडा ऑक्सिजन लागतो, आणि तो बुचातून येतो. चांगल्या नैसर्गिक बुचातून वर्षाकाठी साधारण एका मिलिग्रॅमच्या आसपास. पण बूच झाडाच्या सालीचं असतं, दोन बुचं सारखी नसतात, आणि तिथेच बाटल्यांची नशिबं वेगळी होतात. माझ्या पेटीतल्याच दोन बाटल्यांच्या मानेतली वाइनची पातळी आज डोळ्यांना दिसेल इतकी वेगळी आहे. जुन्या वाइन म्हणून काही नसतं, जुन्या बाटल्या असतात, असं जाणकार म्हणतात ते याच अर्थाने.

एक बाटली तर सरळ बाद झाली. बूच काढल्या काढल्या ओल आलेल्या बंद खोलीचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. टीसीए. पूर्ण नाव ट्रायक्लोरोअनिसोल. बुचातली बुरशी आणि क्लोरीनची संयुगं यांच्या संगतीतून तयार होणारं हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. स्विस रसायनशास्त्रज्ञ हान्स टॅनर यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बुचाच्या या वासाचा गुन्हेगार हाच, हे दाखवून दिलं. टीसीए प्यायल्याने काही होत नाही, पण तो फळाचा गळा दाबतो. अगदी कमी प्रमाणात असेल तर आणखी वाईट, कारण तेव्हा पुठ्ठ्याचा वास येत नाही, वाइन नुसती निस्तेज लागते. मग शंका येते की मिटलेल्या काळातली एखादी बाटली मिटलेली नव्हतीच, थोडी दूषित होती. फरक ओळखायचा एक मार्ग मी वापरते: ग्लास तासभर ठेवून द्यायचा. मिटलेली वाइन निदान थोडी तरी हलते. दूषित वाइनचा वास वाढत जातो.

मग दहाव्या वर्षाच्या आसपासची बाटली. तिच्याबद्दल मी सावकाश लिहिणार आहे.

बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवली होती. नेबिओलोचा गाळ बारीक असतो. आडवी बाटली तशीच उचलून ओतली तर तो पूर्ण वाइनभर पसरतो आणि प्रत्येक घोटाला कडू, मातकट किनार येते. जुनं बूच स्क्रूने तुटतं म्हणून दोन पात्यांचा काढणारा वापरला. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायची आणि पिळत पिळत बूच वर आणायचं. वेळ लागतो, पण बूच अखंड निघतं. मग मानेच्या मागे दिवा धरून एका संथ धारेत डिकँटरमध्ये. मानेपाशी पहिली काळसर रेघ दिसली की थांबायचं, तळाचे दोन-तीन घोट सोडून द्यायचे. इथे लोभ केला तर आधीची मेहनत वाया जाते.

पहिला वास थोडा बंद, लोखंडासारखा. वाटलं, अजून मिटलेलीच. वीसेक मिनिटांनी गुलाब आला, पण हा आधीचा गुलाब नव्हता. वहीत ठेवून वाळलेल्या पाकळ्यांचा होता. चेरी होती, तिच्यात आता वाळलेल्या अंजिराची थोडी गोडी होती. मग संत्र्याची साल, ज्येष्ठमध, चहाची कोरडी पत्ती. अर्ध्या तासाने पाऊस पडून गेल्यावरचा पालापाचोळा. डांबर अजून होतंच, पण मागे सरून उभं. आणि टॅनिन! मात्रा कमी झाली असेल-नसेल, पोत पार बदलला होता. पूर्वी ओढणारं, खरखरीत. आता बारीक, एकसारखं, जीभभर पसरणारं. तोंडात घोट फिरवला तर त्याला आकार होता. गिळल्यावर चव रेंगाळली. मी घड्याळ बघितलं नाही, पण भाऊ पुढचा घोट घ्यायला बराच वेळ थांबला, आणि तो थांबणाऱ्यातला नाही.

जुनी टिपणं काढून शेजारी ठेवली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. मी दर वेळी आम्लतेबद्दल वेगळं लिहिलं होतं: आधी 'तजेलदार', मग 'टोचणारी', आता 'कणा'. आम्ल मुळात तेवढंच आहे. बाटलीत ते फारसं घटत नाही, अल्कोहोलही घटत नाही. बदलतं ते त्यांच्या भोवतीचं. फळ भरलेलं असतं तेव्हा आम्ल त्यात विरघळून जातं, फळ दबलं की उघडं पडतं, पोत मऊ झाला की त्याला आधार देतं. म्हणून तरुण वाइनमध्ये आम्लता कमी असेल तर मुरवून ती येणार नाही, आणि टॅनिन कडू असेल तर वय त्याला गोड करणार नाही. 'मुरली की सुधारेल' हे वाक्य त्यामुळे मला फार सैल वाटतं. मुळात तोल असेल तरच मुरण्याला अर्थ आहे.

जाणकारही आधी सांगताना चुकतात. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने घेतलेल्या, नावं झाकून चाखायच्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या 1973च्या स्टॅग्ज लीपने बोर्दोच्या नामवंत वाइनना मागे टाकलं, तेव्हा फ्रेंच बाजूचं म्हणणं होतं की आमच्या वाइन तरुण आहेत, वय झाल्यावर बघा. 2006 साली, तीस वर्षांनी, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली रिज माँटे बेल्लो 1971, म्हणजे पुन्हा कॅलिफोर्नियाच. तेव्हापासून पाठीमागच्या लेबलवर 'अमुक वर्षापर्यंत प्या' असं छापलेलं दिसलं की मी ते हवामानाच्या अंदाजाइतकंच मनावर घेते. दुर्लक्ष करत नाही, पण दोरीवरचे कपडेही लगेच काढत नाही.

अलीकडची बाटली या सगळ्यांपेक्षा पुढे गेली होती. कडेची झाक आता स्पष्ट विटकरी. वासात कातडं, तंबाखू, अळंबी, ओली माती, आणि थोडा ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीकडे झुकणारा गंध. जुन्या रेड वाइनमध्ये डायमिथाइल सल्फाइड थोडं थोडं साचतं आणि ट्रफलच्या वासाला तेही कारण असतं. चेरी शोधावी लागली. सापडली, पण सुकलेली. टॅनिन रेशमी. डिकँटरमध्ये ठेवली नाही, गाळ वेगळा काढून लगेच ग्लासात घेतली, कारण या वयात हवेचा एखादा तासही महाग पडू शकतो. पहिला तास उत्तम. दुसऱ्या तासाच्या शेवटी वास थोडे विझू लागले, तोंडात आम्ल पुढे आलं. ही बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवली नाही.

भावाचं मत स्पष्ट: "ही वाइन छान आहे ताई, पण मधली जास्त जिवंत होती. हिला हुंगायला मजा, पिऊन पोट भरत नाही." माझं मत त्याच्यापासून फार दूर नाही. पूर्ण मुरलेल्या वाइनबद्दल एक भक्तिभाव असतो, आणि कातडं-अळंबी असे शब्द लिहिले की टिपण भारदस्त दिसतं. पण माझ्या जिभेला जुनं आणि ताजं एकाच घोटात असलेली ती दहाव्या वर्षाची अवस्था सगळ्यात आवडली. प्रत्येक वर्षी वाइनने काहीतरी दिलं आणि त्या बदल्यात काहीतरी घेतलं. पालापाचोळा देऊन गुलाब घेतला, पोत देऊन फळ घेतलं. हा व्यवहार कुठल्या वर्षी फायद्याचा वाटतो ते पिणाऱ्यावर आहे. ज्याला अळंबी आवडते त्याने अजून थांबावं. ज्याला चेरी आवडते त्याने सेरालुंगाच्या वाटेला न जाता ला मोर्राकडची वाइन घेऊन सातव्या-आठव्या वर्षी उघडायला सुरुवात करावी. तिथे वाट फारशी बघावी लागत नाही.

उरलेल्या बाटल्या मी आता मानेतल्या पातळीप्रमाणे लावल्या आहेत. ज्यांची पातळी खाली गेलीये, म्हणजे ज्यांच्या बुचातून हवा जास्त शिरली असणार, त्या पुढे. त्या आधी संपवायच्या. ज्यांची पातळी अजून बुचालगत आहे त्या मागे, आणि त्यातल्या एकीला तरी विसावं वर्ष लागू द्यायचंय. भाऊ म्हणतो तिला हात लावायची वाट बघण्यापेक्षा त्याने 2016ची एक पेटी घेतलीये, पहिली बाटली पुढच्या महिन्यात उघडू. 2016ही चांगलं वर्ष आहे. मी हो म्हटलंय, एका अटीवर: या वेळी टिपणं त्याने लिहायची.